चार छोटे ठोके

तेरावा होऊन गेला तरी माणसं येतात. कल्याणच्या तारघरातून ज्याची ड्यूटी जशी सुटते तसा तो डोंबिवलीला उतरतो आणि आपल्या दारात येऊन उभा राहतो. मी चहा टाकते. आपली कुंदा पाट मांडते. ते बिचारे जमिनीकडे बघत बसतात, आणि उठताना प्रत्येकजण तेच म्हणतो, "वहिनी, काय हात होता त्यांचा!"

मी मान हलवते. पण खरं सांगू, मनातून चिडते. तुमच्या हाताबद्दल बोलायचा ह्यांना काय अधिकार? तो हात बिघडला तेव्हा ह्यांतले किती जण घरी आले होते? तुम्ही किती सरळ होता, कुणाच्या अडीनडीला कसे धावून जायचात, हे सगळं लोकांनी सांगून झालं आहे. मला तुमच्याशी हाताबद्दलच बोलायचं आहे. तुम्ही होता तोवर ते बोलणं एकदाही धड शेवटाला गेलं नाही.

लग्न होऊन आले आणि महिन्याभरात मला समजलं की आपल्याला मोजणारा नवरा मिळाला आहे. मी पोळ्या लाटत होते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खिशातलं घड्याळ हातात धरून उभे. मी लाजून मेले. मला वाटलं, नव्या नवरीला बघायला आलात. तर म्हणालात, "अगं, तू प्रत्येक पोळीला पिठात हात फार वेळा घालतेस. तिथेच तुझा वेळ जातो."

"मग तुम्हीच लाटा," मी म्हणाले. नवीन होते, पण तेवढं बोलले.

आणि तुम्ही खरंच बसलात. तुमची पहिली पोळी लाटण्याला गुंडाळून वर आली. मी पदर तोंडाला लावला, पण तुम्ही गंभीर. "पहिल्या दिवशी असंच होणार. हात अजून मोजतोय," म्हणालात. मग दर रविवारी पोळ्या तुमच्याकडे. सासूबाई असत्या तर त्यांनी काय म्हटलं असतं कोण जाणे. दिवाळीपर्यंत तुमच्या पोळ्या माझ्यापेक्षा गोल व्हायला लागल्या, तेव्हा तुम्ही लाटणं खाली ठेवलंत आणि पुन्हा कधी हातात घेतलं नाहीत. तुम्हाला पोळ्यांची हौस नव्हतीच. हात कसा शिकतो ते तुम्हाला बघायचं होतं.

त्यावर तुम्ही किती बोलायचात! आधी हात मोजतो, मग आठवतो, मग विसरतो. "हात शिकला हे कधी समजायचं? आपण काही करतोय हे त्याला कळेनासं झालं की." मी भाजी निवडत ऐकायची. तारघरात टेबलावर पितळेचा एक खटका असतो, तो दाबायचा आणि सोडायचा, छोटा ठोका आणि लांब ठोका, आणि एवढ्या दोनच गोष्टींतून इंग्रजीची सगळी अक्षरं करायची, हे मला तुमच्याकडून कळलं. तुम्ही शिकताना स्पीड भराभर वाढला, मग एका जागी येऊन जो अडला तो आठवडेच्या आठवडे हलेना, आणि तुम्ही नोकरी सोडून गावी परतायला निघालात, आणि मग एका सकाळी काही कारण नसताना एकदम पुढे गेला. ही गोष्ट तुम्ही नव्या पोरांना सांगायचात. तुमच्या हाताखाली शिकायला आलेल्या पोरांच्या तुम्ही तीन जाती केल्या होत्या. मोजणारे, ऐकणारे आणि घाबरणारे. मोजणारे उशिरा शिकतात पण पक्के शिकतात. ऐकणारे लवकर शिकतात. घाबरणाऱ्यांना दुसरं काम द्यावं.

"आणि तुम्ही कुठल्या जातीचे?" मी एकदा विचारलं.

"मी मोजणारा. ऐकणारा असतो तर संगीत शिकलो असतो."

तुमचा हात ओळखू यायचा. इगतपुरीला बसलेला माणूस नुसत्या ठोक्यांवरून सांगायचा, आज कल्याणला कोण आहे. ही गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. तेवढा मोठेपणा तुम्हाला जमायचा नाही. मला ती दुसऱ्यांकडून कळली.

कुंदा शाळेत जायला लागली त्या वर्षी तुम्ही जेवताना गप्प राहायला लागलात. पूर्वी वरणभात होईपर्यंत तारघरातला दिवस सांगून व्हायचा. आता ताटाकडे बघून जेवायचात आणि हात धुऊन आल्यावर खुर्चीत बसताना उजवा हात मांडीखाली घ्यायचात. मला आधी वाटलं थंडी वाजते. मग वाटलं कुणाशी भांडण झालं. एके दिवशी मी समोरच बसले. "सांगा काय झालं ते."

"H जात नाही," तुम्ही म्हणालात.

कुंदा पाटीवर अक्षरं काढत होती. तिने वर बघून विचारलं, "कुठे जात नाही, बाबा?" तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि हसलात, पण त्या हसण्याने मला धडकीच भरली.

मग सांगितलंत. चार छोट्या ठोक्यांचा H. गेली कित्येक वर्षं तो हातातून पाण्यासारखा जात होता. आता कधी तीन ठोके पडतात आणि त्याचा S होतो, कधी पाच पडतात आणि त्याचा आकडा होतो. तो यायच्या आधीच मनगट आवळतं. समोरच्या स्टेशनाला पुन्हा विचारावं लागतं. एकदा कुणाचं तरी नावच बदलून गेलं होतं.

"हात थकला असेल. रजा घ्या."

"थकलेला हात सगळंच वाईट करतो. हा बाकी सगळं नीट करतो. नेमका तिथेच अडतो."

आपण ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तुमची आशा माझ्या लक्षात आली होती. तुम्हाला रोग हवा होता. संधिवात म्हणा, शीर आखडली म्हणा, काहीही, पण नाव असलेलं. डॉक्टरांनी तुम्हाला मूठ आवळायला लावली. सदऱ्याची बटणं काढून पुन्हा लावायला सांगितली. सही करायला लावली. शेवटी नर्सकडून सुई मागवली आणि म्हणाले, "दोरा ओवा." तुम्ही पहिल्या फटक्यात ओवलात. मला तो दोरा चुकावा असं वाटत होतं.

"हात ठणठणीत आहे, तारमास्तर," डॉक्टर म्हणाले. "घरी काही चिंता? झोप लागते?"

"तुम्ही हात बघा. घर बघू नका," तुम्ही म्हणालात. इतक्या कडू आवाजात तुम्ही कुणाशी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

बाहेर पडून आपण तलावाच्या कठड्यावर बसलो. तुम्ही कुंदासाठी संत्री घेतलीत आणि त्यातलं एक सोलायला लागलात. साल कुठेही न तुटता, एकाच लांब वेटोळ्यात खाली उतरत गेली. ती तुम्ही माझ्यासमोर धरलीत. "बघितलंस? ह्याला काही झालेलं नाही. म्हणजे मलाच काहीतरी झालंय."

मी काय बोलायला हवं होतं? मी म्हणाले, "गाडी चुकेल, चला."

रेगेसाहेबांनी तुम्हाला बोलावलं ते त्यानंतर. ते तुमचे वरिष्ठ, तारघरांची तपासणी त्यांच्याकडे. तुम्ही घरी येऊन सांगितलंत ते एवढंच, की उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा द्यायची आहे, पाठवण्याची आणि घेण्याची, नव्या पोरांसारखी. तोवर नुसत्या आलेल्या तारा उतरवून घ्यायच्या, खटक्याला हात लावायचा नाही. कुठल्या हाताने पाठवायचं ह्याचा मात्र नियम नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे डावा," तुम्ही म्हणालात.

मोडीत निघालेलं एक जुनं यंत्र साहेबांच्या परवानगीने तुम्ही घरी आणलंत. खटका, वाजणारा भाग आणि दोन सेल. खिडकीखालच्या टेबलावर ते मांडलंत. तुमची ड्यूटी तेव्हा दुपारची. आपली पहाटेची कामं उरकली, कुंदा शाळेत गेली, की तुम्ही डाव्या हाताने बसायचात. पण पाठवणाऱ्याला आपलं चुकलेलं ऐकू येत नाही, असं तुमचं म्हणणं. हात जे करायला निघाला तेच कानाला ऐकू येतं. दुसरा कान पाहिजे. म्हणून तुम्ही मला समोर बसवलंत.

मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षरं येत होती, एवढंच माझं भांडवल. पहिले कित्येक दिवस मी बोटांवर ठोके मोजत होते आणि तोवर तुमची पुढची तीन अक्षरं निघून गेलेली असायची. चुलीवर काहीतरी करपायचं. तुम्ही न चिडता पुन्हा पाठवायचात. मग मला अक्षरं यायला लागली, सुटी सुटी, ओळीने रांगेत उभ्या असलेल्या पोरींसारखी. आणि तिथे मी अडले. जितकं जास्त कान द्यावं तितकं कमी कळायचं. मी रडकुंडीला आले. तुम्ही मात्र खूष. "आली, त्याच जागी आली! सगळेच तिथे येतात. सोडू नकोस फक्त."

मग एकदा तुम्ही सवयीने काहीतरी पाठवत होतात. मी तांदूळ निवडत होते आणि माझं लक्षही नव्हतं. एकदम माझ्या डोक्यात 'कल्याण' आलं. अक्षरं आलीच नाहीत, कुणी हाक मारावी तसा सबंध शब्द आला. मी सूप खाली ठेवलं आणि ओरडले, "कल्याण म्हणालात!"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. खुर्चीतून उठून तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तांदळाच्या कोंड्याने माखलेली मी तशीच बसून. आपल्या लग्नात तुम्ही माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं नव्हतं. "तू ऐकणाऱ्यांतली निघालीस," म्हणालात. "माझ्यापेक्षा बरी जात."

आपली घरमालकीण भागीरथीबाई शेतावरून येताना खिडकीशी थांबायची. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या भाताची शेती आणि मिठागराचं काम. ती एकदा मला म्हणाली, "काय गो वयनी, तुजा घरवाला सकालचे पारी काय टकटक करतं? आनी तू समोर बसून हसतंस."

"बोलतात ते माझ्याशी," मी म्हणाले.

"मंग तोंडान् का नाय बोलत?"

तुम्ही आतून ऐकलंत आणि कितीतरी वेळ हसत राहिलात.

त्या महिन्यांबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. सगळ्या बायकांचे नवरे सकाळी घरातून बाहेर पडायचे. माझा नवरा रोज माझ्यासमोर बसायचा आणि मला काय ऐकू आलं हे विचारायचा. माझ्या कानावर कुणाची तरी नोकरी चालणार होती. मला भीती वाटायची, आणि बरंही वाटायचं.

पण घड्याळ मधे आलं. डावा हात आधी मोजत होता, मग त्याला आठवायला लागलं, आणि तो सुटायला लागला तसं तुम्ही टेबलावर घड्याळ ठेवलंत. परीक्षेला स्पीड लागतो, ते मला कळत होतं. पण घड्याळ नसताना जो H सरळ यायचा तो घड्याळ ठेवल्यावर कचरायचा. तुमच्या कानाला कळत नव्हतं, मला कळत होतं. चौथ्या ठोक्याआधी किंचित थांबणं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर म्हातारं माणूस थांबतं तसं.

मी म्हणाले, "ते आत ठेवा. मोजू नका."

"मोजलं नाही तर सुधारलं हे कळणार कसं?"

"मला कळतं ना. मी सांगते."

"तू सांगशील बरं आहे म्हणून. परीक्षा घेणारा थोडाच असं म्हणणार आहे?"

एक आठवडा तुम्ही माझं ऐकलंत. घड्याळ खुंटीवरच्या कोटात राहिलं आणि त्या आठवड्यात तुम्ही जे पाठवत होता ते ऐकून मला पहिल्यांदा समजलं की लोक 'काय हात होता' म्हणतात ते कशाला. डावा हात होता, तरी. मग सोमवारी तुम्ही पुन्हा घड्याळ काढलंत आणि आपलं भांडण झालं. तेवढं मोठं भांडण आपण कधी केलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुला ठोके ऐकू येतात, त्यामागचं ओझं कळत नाही." मी म्हणाले, "ओझं घड्याळाचं आहे. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले ना? त्याला तुमची भीती वाटते. तुम्ही तुमच्याच तिसऱ्या जातीत जाऊन बसलात."

तुम्ही खटक्यावरून हात काढून घेतलात आणि बाहेर अंगणात जाऊन उभे राहिलात. तुम्ही रागावून उलट बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा बसलो. घड्याळ टेबलावर होतं. त्याबद्दल मी पुन्हा बोलले नाही, तुम्हीही नाही.

परीक्षेला तुम्ही माझ्या हातचं दही खाऊन गेलात. मी दिवसभर एका जागी बसले नाही. संध्याकाळी फाटक वाजलं आणि तुम्ही दारातूनच म्हणालात, "पास. दुसऱ्या दर्जात." पूर्वी तुम्ही पहिल्या दर्जाचे होता. मला दर्जाचं काही वाटलं नाही. मी शिरा केला. भागीरथीबाईला नेऊन दिला, तर तिने विचारलं, "पोर झाला का कुनाला?"

पावसाळाभर तुम्ही डाव्या हाताने तारा पाठवल्यात. पुन्हा जेवताना बोलायला लागलात. इगतपुरीच्या माणसाने विचारलं होतं म्हणे, की कल्याणला हा नवा कोण आलाय? तुम्ही त्याला सांगितलं नाहीत.

आणि दसऱ्याच्या सुमाराला, एका रविवारी, तुम्ही कुंदाला गंमत म्हणून घरच्या यंत्रावर तिचं नाव वाजवून दाखवलंत, मग माझं. मग तिने हट्ट केला, "आपलं घराणं वाजवा ना बाबा, आडनाव वाजवा." आपल्या आडनावात H आहे. तुम्ही वाजवलंत. डाव्या हातातूनही H चे पाच ठोके पडले.

मी मान वर केली. तुम्ही माझ्याकडेच बघत होता. कुंदा टाळ्या वाजवत होती.

तुम्ही स्वतःच गेलात रेगेसाहेबांकडे. कुणी तक्रार करायच्या आधी. तुम्हाला खटक्यावरून काढून यार्डात मालगाडीच्या वाघिणींचे नंबर उतरवायचं काम मिळालं. उन्हात हिंडायचं, खडूने खुणा करायच्या. पगार कमी झाला, पण त्याचा तुम्ही कधी उच्चार केला नाहीत. घरचं यंत्र कापडात गुंडाळून साहेबांना परत दिलंत. मी अडवणार होते. कशाला अडवणार होते ते मलाच माहीत नाही. सकाळी खिडकीखालचं टेबल रिकामं दिसायचं, तर मी त्यावर शिवणाचं मशीन ठेवलं.

ठोके ऐकू येणं मात्र जात नाही. पाठवणं हाताचं, ते हात विसरू शकतो. ऐकणं कुठे राहतं कोण जाणे, ते विसरता येत नाही. विठ्ठलवाडीला माझ्या मावसबहिणीकडे बारशाला जाऊन येताना आपण कल्याणला गाडी बदलायला उतरलो होतो, आठवतं? तारघराची खिडकी उघडी होती. आत यंत्र वाजत होतं. कुठलीशी मालगाडी उशिरा सुटणार, एवढंच. कुणीतरी नवखा पाठवत होता, अडखळत, एकेक अक्षर मोजत. तुम्ही चालताना थांबला नाहीत, मीही थांबले नाही. दोघांनाही शब्दन् शब्द कळत होता आणि दोघंही कुंदाला सांभाळून चालण्याचं निमित्त करत होतो. फलाटाच्या टोकाला गेल्यावर तुम्ही म्हणालात, "मोजणारा आहे. शिकेल." बस्, एवढंच. यार्डात गेल्यापासून तारघराबद्दल तुम्ही बोललेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य.

त्या दिवशी मी विचारायला हवं होतं. घड्याळाचं. मोजलं नसतं तर डावा हात टिकला असता का? की न मोजताही गेलाच असता? माझ्या मनात हे रोज होतं. भाजी चिरताना होतं, कुंदाची वेणी घालताना होतं. तुम्ही वाक्य संपवून पुढे बघायला लागलात आणि गाडी आली.

मग काही वर्षांनी तो ताप. आधी साधा म्हणाले, मग विषमज्वर. तुम्ही भ्रमात होता तेव्हा तुमची दोन्ही हातांची बोटं चादरीवर हलायची. उचलायची, टेकायची, चादर चिमटीत धरायची आणि सोडायची. मी उशाशी बसून वाचायचा प्रयत्न केला. हो, केला. आवाज नव्हता तिथे, म्हणून डोळ्यांनी. एखादं अक्षर लागेल, माझं नाव लागेल, कुंदाचं लागेल. काही लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, ह्या तापात सगळ्यांचेच हात असे चादर चिवडतात. त्यात अर्थ नसतो. मी तरीही बघत राहिले.

काल रेगेसाहेब आले. निवृत्त होऊन पुण्याला गेले आहेत, बातमी उशिरा कळली. केस पार पांढरे झाले. त्यांनी मात्र 'काय हात होता' म्हटलं नाही. म्हणाले, "वहिनी, फार धीराचा माणूस. दुसरा असता तर तेव्हाच खचला असता, मी सांगितलं तेव्हा."

"काय सांगितलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं मला माहीत आहे.

त्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण तुम्ही ते मला सांगितलं नाहीत. तारेच्या कामात हे दुखणं जुनं आहे. त्यांनी नोकरीत असे तीन-चार हात जाताना बघितले होते, आणि ते सगळे चांगले हात होते. भीती नाही, नाटक नाही, आळस नाही. ज्या हाताने एकच बारीक काम वर्षानुवर्षं केलं, तो एक दिवस तेवढ्याच कामाला नाही म्हणतो. बाकी सगळं करतो. ते परत येत नाही. "आणि मी त्यांना हेही सांगितलं होतं," साहेब म्हणाले, "की डावा हात तयार केलात तरी बहुतेकांचा तोही जातो. थोडे महिने मिळतील, कदाचित वर्ष. मी म्हटलं, आत्ताच यार्डातलं काम घ्या, कशाला जिवाला त्रास? तर म्हणाले, साहेब, ते जुनं यंत्र द्या. घरी नेतो."

"हे कधीचं?" मी विचारलं.

"पहिल्यांदा बोलावलं तेव्हाचं. परीक्षेच्या आधी."

साहेबांचा चहा निवून गेला. मी दुसरा टाकला, तो उतू गेला. कुंदाने येऊन चूल सावरली. ते गेल्यावर मी मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि मला तुमचा इतका राग आला, की तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्याने रडले.

म्हणजे यंत्र मांडलंत तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. मला समोर बसवलंत तेव्हा माहीत होतं. मी 'कल्याण' म्हणून ओरडले आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तेव्हाही. मी तुम्हाला घाबरणाऱ्यांत बसवलं तेव्हा एका वाक्यात तुम्हाला माझं तोंड बंद करता आलं असतं, आणि तुम्ही अंगणात जाऊन उभे राहिलात. घड्याळाबद्दलचं माझं म्हणणं खोटं होतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी एक आठवडा तुम्ही घड्याळ कोटात ठेवलंत. माझ्यासाठी ठेवलंत का? का तुम्हालाही वाटलं, की बाईचं खरं निघालं तर किती बरं होईल?

रात्रंदिवस मी घड्याळाला दोष देत होते आणि तुम्ही तो देऊ दिलात. मला सांगितलं असतंत तर मी यार्डात जा म्हटलं असतं, आशा सोडली असती, यंत्र घरात येऊ दिलं नसतं, असं तुम्हाला वाटलं असेल. आपण दोघांनी बसायचं, मी शिकायचं, तुम्ही हसायचं, ह्याला काहीतरी कारण लागतं आणि ते कारण परीक्षेचंच असायला हवं, असंही वाटलं असेल. तुमचं नक्की काय होतं, ते आता मला कुणी सांगणार नाही.

पण तुमचा हिशोब एका ठिकाणी साफ चुकला. मला माहीत असतं, पहिल्या दिवसापासून सगळं माहीत असतं, तरी मी कुंदाला शाळेत पाठवून, हात पुसून, रोज सकाळी तुमच्यासमोर येऊन बसलेच असते.